जांभळ्या बुचाची नळी

माझी नणंद हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. घरात तिला सगळे आयनबाई म्हणतात, कारण जेवताना मीठ मागितलं की ती धडा सुरू करते. अणूनं इलेक्ट्रॉन दिला किंवा घेतला की त्याच्यावर विद्युतभार येतो, तो झाला आयन. मिठातला सोडियम देणारा, क्लोरीन घेणारा. रक्तात पोटॅशियम आणि कॅल्शियमचेही आयन असतात, आणि त्यांची पेशींत ये-जा चालते म्हणून हृदयाचे ठोके पडतात. हे सगळं ऐकेपर्यंत जेवण गार होतं. मी तिच्यापुढे कधीच हात टेकलेत.

गेल्या वर्षी तीन दिवस उलट्यांनी बेजार होऊन मी तिच्याच हॉस्पिटलात दाखल झाले. नर्सनं रक्त नेलं आणि तासाभरात डॉक्टर घाईघाईनं आले. मशीनच्या रिपोर्टप्रमाणे माझं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. ते उतरवायचं इंजेक्शन भरूनही झालं.

तेवढ्यात नणंद जिने चढून धापा टाकत दारात आली.

"ते इंजेक्शन खाली ठेवा."

"रिपोर्ट तुमच्याच मशीनचा आहे," डॉक्टर म्हणाले.

"मशीन बरोबर आहे, नमुना चुकलाय. पोटॅशियम आभाळाला भिडलंय आणि कॅल्शियम जवळपास शून्य. असा माणूस उठून बसून माझ्यावर डोळे वटारत नाही."

मी खरंच वटारले होते.

ती नर्सकडे वळली. "जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त पोटॅशियम तपासायच्या नळीत ओतलंस ना?"

नर्सनं मान खाली घातली. रक्त कमी निघालं होतं, मला पुन्हा टोचायला तिचा हात धजेना. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जो क्षार असतो, त्यात पोटॅशियम असतं, आणि तो कॅल्शियमचे आयन पकडून ठेवतो.

"तुमचा अंदाज चुकला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी वहिनी आहे ती. ईसीजी काढा, मी नवं रक्त घेते. वीस मिनिटं द्या."

तिनं स्वतः टोचलं. वीस मिनिटांनी ती कागद घेऊन आली. माझं पोटॅशियम वाढलेलं तर नव्हतंच, उलट्यांतून वाहून जाऊन असायला हवं त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. त्यात ते आणखी उतरवलं असतं, तर माझ्या जिवावरच बेतलं असतं.

डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. मग ट्रेमधलं भरलेलं इंजेक्शन स्वतः उचललं आणि बेसिनमध्ये रिकामं केलं.