मागची भिंत

आमच्या घरात एक पद्धत होती. बाबांना कळू नये असं काही बोलायचं असलं की तोंड फिरवायचं. आवाज बारीक करायची गरज नसे. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. साच्यांच्या खडखडाटात उभी हयात काढून त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. पण त्या खात्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचत. या टोकाचा साचेवाला त्या टोकाच्याला आज डब्यात काय म्हणून विचारी आणि घशातून आवाजही न काढता तिकडून उत्तर येई. त्यामुळे बाबांच्या समोर नुसतं पुटपुटलं तरी त्यांना कळायचं, आणि पाठ करून बोंबललं तरी पत्ता लागायचा नाही.

पद्धत आईने काढली. बाबांचा हात चालायचा. मार खाऊन झाला की आम्ही भावंडं भिंतीकडे तोंड करून त्यांना ठेवणीतल्या शिव्या हासडायचो. आई स्टोव्हकडे तोंड करून तेच करायची, फक्त तिच्या शिव्या मालवणी असल्यामुळे जास्त रसाळ होत्या. बाबा मागे बसून शांतपणे भात कालवत असायचे. शेजारच्या खोलीत हसू फुटायचं. बायको म्हणते, हे सांगताना तुला लाज वाटायला हवी. पण तिनेही लग्नानंतर महिन्याभरात तीच पद्धत उचलली.

पुढे काळाचौकीतली आमची चाळ पडली आणि तिथेच टॉवर झाला. खोली बाबांच्या नावावर होती, म्हणून फ्लॅटही बाबांच्या नावावर मिळाला. आई तो बघायला राहिली नव्हती. आत दोन एवढ्याशा खोल्या, एक आमची आणि एक मुलीच्या अभ्यासाची. ज्याच्या नावावर घर, त्याची कॉट हॉलच्या मागच्या भिंतीला. कॉटच्या पुढे सोफा, सोफ्याच्या पुढे टीव्ही. म्हणजे आम्ही घरात बसलो की आमची पाठ आपसूकच बाबांकडे. तोंड फिरवायचे कष्टही वाचले.

बाबांची याबद्दल तक्रार नव्हती. त्यांचा जीव खाली होता. बिल्डिंगच्या गेटजवळ एक कठडा आहे. तिथे रोज चारच्या सुमाराला त्यांच्या खात्यातले उरलेले दोघे म्हातारे येऊन बसत आणि बाबा लिफ्टने उतरत. मग तिघांच्या तासभर गप्पा. आवाज शून्य. नुसते ओठ हलायचे, मध्येच तिघेही पोट धरून हसायचे. येणारेजाणारे त्यांना वेडे समजत. तसं बोलता येणारी माणसं आता जगात बाबांपुरती दोनच उरली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं पुढे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

होम थिएटरचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते वरळीला ऑफिसातल्या एकाच्या घरी. त्याने आम्हाला जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी सिनेमा लावला. पडद्यावर हेलिकॉप्टर दिसायच्या आधी ते माझ्या पाठीमागून आलं, डोक्यावरून गेलं, मग समोर दिसलं. मी मान मागे वळवली. तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी आमच्या टीव्हीचा आवाज ऐकला आणि मला तो पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखा वाटला.

त्याच आठवड्यात बाबांना डोळ्यांच्या तपासणीला गिरगावात न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन टॉवरमध्ये यायच्या आधीच झालं होतं. डॉक्टरने तक्ता वाचून घेतला. बाबांनी सगळ्यात खालची बारीक ओळही घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर मला म्हणाला, "नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे." मी हसलो. तिथून लॅमिंग्टन रोड जवळच, म्हणून बाबांना घेऊनच दुकानात गेलो.

दुकानाच्या आत आवाज ऐकवायची एक वेगळी खोली होती. सेल्समनने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि लढाई सुरू केली. बाँब पडले, काचा फुटल्या, कोणीतरी माझ्या उजव्या कानामागे किंचाळलं. सगळं संपल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "लावल्यान काय रे?" सेल्समन खाली बघून हसायला लागला. मग बाबा उठले आणि घुमणाऱ्या मोठ्या खोक्यावर, त्या वूफरवर, तळहात ठेवून उभे राहिले. सेल्समनने पुन्हा आवाज सोडला. बाबांनी हात तसाच ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "ह्येचा बेरिंग गेला हा. दुसरो दाखव." आता सेल्समन खदखदून हसला. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो. बाबांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा माझ्या, आणि परत येऊन बसले.

सेल्समन माणूस सरळ होता. त्याने मला विचारलं, "साहेब, सोफ्याच्या मागे काय आहे?"

"कॉट आहे. वडिलांची."

"मग साउंडबार घ्या. टीव्हीखाली एक पट्टी बसते, मागे काही लागत नाही. हा मोठा सेट घेतलात तर मागचे दोन स्पीकर स्टँडवर, कॉटच्या जागी येणार. मागची भिंत मोकळी पाहिजे."

"बारमध्ये हेलिकॉप्टर मागून येतं?"

"नाही साहेब. समोरूनच येतं."

एवढीच निवड होती. बार घेतला तर कॉट राहते, सेट घेतला तर कॉट जाते. मी विचार करून सांगतो म्हणालो, पण विचार करायचं काही शिल्लक नव्हतं.

रविवारी सकाळी चहा पिताना बायकोशी बोललो. मुलगी क्लासला गेली होती. बाबा मागे कॉटवर बसले होते, आम्ही दोघं पुढे सोफ्यावर, टीव्ही बंद. खिडकीतून ऊन आमच्या तोंडावर येत होतं. बायको म्हणाली, "गावी पाठवू या ना. तुझा चुलतभाऊ आहे, हवा चांगली आहे." मग म्हणाली, "पण त्यांचे ते दोघं दोस्त?"

मी म्हटलं, "दोस्त कसले! तीन मुकी माकडं बसल्यासारखे बसतात. म्हाताऱ्याला काय कळतंय? भिंतीला बसवला काय नि पडवीत बसवला काय, सारखाच."

बायको हसली. तिचं हसणं ऐकून मला चेव आला. मी पुढेही बरंच बोललो. कॉटला येणाऱ्या वासाबद्दल, त्यांच्या खाकरण्याबद्दल, आणि आईने या माणसाबरोबर जन्म कसा काढला त्याबद्दल. लहानपणी भिंतीकडे तोंड करून बोलायचो, तोच सूर लागला होता. पाठ बाबांकडे होती, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून विषय काढला. "माका गावाक सोड. हयसर करमणा नाय." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नशीब एवढं उघडपणे क्वचितच कुणावर मेहेरबान होतं. बायकोने तोंडदेखलं म्हटलं, "राहा ना बाबा, घाई काय आहे?" बाबांनी तिचे ओठ पूर्ण वाचले आणि मान हलवली. मी त्याच दुपारी दुकानात फोन करून मोठा सेट सांगितला.

फिटिंगवाला आला तेव्हा बाबा अजून घरातच होते, त्यांचं जाणं दोन दिवसांवर होतं. त्याने विचारलं, मागचे कुठे लावायचे? मी काही बोलायच्या आत बाबा उठले. गादी गुंडाळली, कॉटची घडी घातली, स्वतः ओढत दारापाशी नेली. मग भिंतीजवळ उभे राहून त्यांनी दोन्ही हातांनी दोन जागा दाखवल्या, एक उशीची आणि एक पायथ्याची. जागा अचूक होत्या. फिटिंगवाला म्हणाला, "आजोबांना माहितीये." त्या दोन रात्री बाबा स्टँडच्या मध्ये चटई टाकून झोपले.

मीच त्यांना गावी पोचवलं. चुलतभावाच्या पडवीत सामान ठेवलं, पाया पडलो, निघतो म्हणालो. बाबा पडवीत बसले होते. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं, औषधाचं काही सांगतील.

ते म्हणाले, "तुजो टीवी चालू असलो काय माका कायच कळणा नाय. बंद असलो काय सगळा कळता."

मला अर्थ लागेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या नव्या कामगाराला साचा समजावतात तसं, न चिडता. "काळो पडदो. आरशासारखो. तू पुढे बसतंस, तुजा तोंड त्येच्यात दिसता." मग पडवीची भिंत हाताने थोपटत म्हणाले, "भिंतीक बसवलो काय नि पडवेत बसवलो काय. सारख्याच. बरोबर बोललंस."

टॉवरमध्ये राहायला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं आम्ही रोज त्या पडद्यासमोर बसून, पाठ फिरवल्याच्या भरवशावर, पोटातलं सगळं ओकत होतो. मागे बसलेला माणूस ते वाचत होता आणि चारला लिफ्टने खाली जाऊन दोस्तांबरोबर हसत होता. परतीच्या पूर्ण प्रवासात मी त्या तीन वर्षांतली माझी वाक्यं आठवत होतो. खूप आठवली.

सेट उत्तम आहे. हेलिकॉप्टर मागून येतं. वरळीवाल्याला जेवायला बोलावलं, त्यानेही मान वळवली. पण सिनेमा संपून पडदा काळा झाला की त्यात मला आम्ही दोघं दिसतो आणि मागे दोन स्पीकरांच्या मधली मोकळी भिंत दिसते. बायको आता टीव्ही बंद असताना हॉलमध्ये बोलत नाही. एकदा गेटजवळच्या कठड्यावरून त्या दोघा म्हाताऱ्यांनी मला बघून एकमेकांशी काहीतरी म्हटलं. ओठ स्पष्ट हलले. साचेवाल्याचा मुलगा असून मला एक शब्द वाचता आला नाही.

गेल्या महिन्यात मी चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. त्याने फोन बाबांसमोर धरला. ते वाळले होते. चुलतभाऊ आधीच म्हणाला होता की ते दिवसदिवस कुणाशी बोलत नाहीत, इथे त्यांचं कुणाला कळत नाही. मी फोन तोंडाजवळ घेतला, उजेडात उभा राहिलो, आणि शब्द सुटे करून म्हटलं, "बाबा, चुकलो मी. परत या. मागचे स्पीकर काढून टाकतो. भिंत मोकळी करतो तुमच्यासाठी."

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मी पुढे बोलायला श्वास घेतला, तेवढ्यात त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

चुलतभाऊ फोनमध्ये डोकावून विचारत होता, "आयकल्यानी मां रे?"

मी म्हटलं, "हो. ऐकलं."