परवानाधारकाची सही

माझे वडील बॉक्सिंगचे परवानाधारक प्रमोटर होते आणि त्यांना रक्त बघवत नसे. दाढी करताना गाल कापला तरी ते खुर्चीत बसून आईला हाका मारायचे. चष्म्याचं दुकान, दुपारची झोप आणि रेडिओ, एवढ्यात त्यांचं जग आटोपायचं. तरीही सव्वीस वर्षं आमच्या शहरातल्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर तळाशी ठळक अक्षरांत त्यांचंच नाव असे. काम सगळं आत्या करायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही कुणाचं काही अडत नव्हतं. मला राग येतो तो याचाच.

आजोबा चामड्याचं शिवणकाम करायचे. आधी खोगिरं शिवायचे. घोडागाड्या बंद झाल्या तेव्हा एका तालमीवाल्याने त्यांना फाटलेले बॉक्सिंग ग्लोव्ज आणून दिले. आपण शिवलेले ग्लोव्ज टिकतात का, ते बघायला आजोबा लढतींना जाऊ लागले आणि तिथलेच होऊन बसले. दोन-तीन वर्षांत त्यांनी एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं, चार खांब रोवले, दोर बांधले आणि स्वतःच लढती भरवायला लागले. घंटा वाजवायला माणूस मिळेना म्हणून अकरा वर्षांच्या आत्याला स्टुलावर उभं केलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं. एकदा शहरातल्या एका बड्या आसामीचा आवडता खेळाडू मार खात होता. आसामी खालून ओरडला, "पोरी, वाजव की लवकर!" आत्या घड्याळावरची नजर न काढता म्हणाली, "अजून बावीस सेकंद आहेत." बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्याच संध्याकाळी ते पहिल्यांदा लढत बघायला आले होते. खेळाडूंसाठी ठेवलेल्या स्ट्रेचरवरून त्या दिवशी एकच माणूस बाहेर गेला, तो म्हणजे बाबा.

पुढे जोड्या लावायचं कामही आत्याकडेच आलं. कुणाची लढत कुणाशी लावायची, यात प्रमोटरचं निम्मं कसब असतं. बाकीचे वजन बघायचे आणि मोकळे व्हायचे. आत्या घरी जाऊन यायची. ज्याच्या घरात तान्हं मूल आहे त्याला पहिले तीन महिने रिंगमध्ये उतरवायचं नाही, हा तिचा नियम. "रात्रभर जागलेल्या माणसाचा हात अर्ध्या क्षणाने उशिरा वर येतो, आणि नाक मोडायला तेवढं पुरतं," असं ती म्हणायची. वजनाच्या वेळी ती काट्यापाशी खाली बसून खेळाडूचे पाय बघायची, कारण अंगठा भिंतीला टेकवून वजन कमी दाखवायची कला प्रत्येकालाच अवगत होती. म्हणून तिला सगळे काटाबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

तिला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी काय करते?" आजोबा सरळ म्हणाले, "माणसं लढवते." पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. आजी महिनाभर आजोबांशी बोलली नाही, आत्या मात्र ते अर्धे कप उचलताना हसत होती म्हणे.

आजोबा गेले आणि परवान्याचा प्रश्न आला. बॉक्सिंग मंडळाच्या नियमात स्वच्छ लिहिलं होतं की परवाना सज्ञान पुरुषालाच मिळेल. म्हणजे ज्याला स्ट्रेचरवरून नेलं होतं त्याला. बाबा आढेवेढे घेऊ लागले, तेव्हा आत्याने त्यांची समजूत घातली. "नाव तुझं, बाकी काही बघू नकोस." बाबांनी ते शब्दशः पाळलं. परवान्याचा अर्ज भरायच्या दिवशी ते दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढत बसले होते, कचेरी बंद व्हायला आली होती, म्हणून आत्याने बाबांची सही स्वतःच ठोकून दिली. ऐटबाज, तिरकी, शेवटी लांब शेपूट असलेली. बाबांची खरी सही मुंगीएवढी. पण मंडळाच्या दफ्तरात पहिल्या दिवशी जी गेली तीच पुढे चालू राहिली. खेळाडूंचे करार, डॉक्टरांचे दाखले, हॉलचे अर्ज, दरवर्षीचं नूतनीकरण, सगळ्यावर तीच. मी बारावीनंतर आत्याच्या ऑफिसात टायपिंगला बसले. मी कागद पुढे सरकवायचे आणि ती बोलता बोलता बाबा होऊन जायची. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातलीच सही, घरातलाच माणूस.

मग नियम बदलला. बायकांनाही परवाना मिळणार, असं मंडळाने जाहीर केलं. आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती. त्या सकाळी ती ऑफिसात आली ती उभीच राहिली आणि म्हणाली, "टाइप कर. अर्जदार म्हणून माझं नाव." इतक्या वर्षांत तिने मला स्वतःचं नाव पहिल्यांदाच टाइप करायला सांगितलं. तिला दुसरं काही नको होतं. पोस्टरच्या तळाशी एकदा स्वतःचं नाव हवं होतं, बस्स.

अट होती किमान दहा कार्यक्रम भरवल्याचा लेखी अनुभव. आम्ही एकशे चौदा कार्यक्रमांची यादी जोडली. मंडळाच्या कारकुनाने पानं उलटली आणि म्हणाला, "यातल्या एकाही कागदावर तुमचं नाव नाही, मॅडम."

"तुम्हीच तर मला फोन करायचा, दर वेळी."

"फोन कागदावर नसतो. परवानाधारकाचं पत्र आणा, काम तुम्ही केलं म्हणून."

बाबांनी ते पत्र मात्र मनापासून लिहिलं. दुकान बंद ठेवून, दोनदा खर्डा करून. "माझ्या थोरल्या बहिणीने सर्व काही केले, मी फक्त नावाचा," असं त्यात होतं. खाली त्यांनी सही केली, त्यांची खरी, मुंगीएवढी.

तीन आठवड्यांनी पत्र परत आलं. शेरा होता, सही नोंदीशी जुळत नाही.

मी हसले. हसता हसता मला रडू फुटलं. बाबांनी एका जुन्या चष्म्याच्या काचा पुसल्या, परत पुसल्या आणि म्हणाले, "ताई, तूच कर माझी सही. इतकी वर्षं केलीस, अजून एकदा."

"माझं काम मी केलं, हे तुझ्या नावाने मीच लिहून देऊ?"

"अगं, पण खरंच आहे ना ते!"

"खरं आहे म्हणूनच नाही करायची."

मी आत्यावर भयंकर चिडले. एक सही! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी गत, आणि तत्त्वं आठवायची ही वेळ? मी पेन तिच्या हातात कोंबलं. तिने ते टेबलावर ठेवलं. "आजवर मी त्याच्या नावाने काम केलं, खोटं नाही बोलले. हे पत्र त्याने लिहिलं असं सांगून मी सही केली तर ते खोटं," ती म्हणाली. मला हा फरक तेव्हाही पटला नाही, आजही धड पटत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या सचिवांसमोर जाऊन बसली. मी सोबत होते. तिने कोरा कागद मागितला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाबांची सही केली. एकाखाली एक, दहा वेळा. शेपटासकट.

"घ्या जुळवून," ती म्हणाली.

जुळली. न जुळायला काय झालं?

मग चौकशी बसली. त्या काळात आमचे सगळे कार्यक्रम बंद. बेकरीत काम करणाऱ्या ज्या खेळाडूला आत्या तीन वर्षं जपून वर आणत होती तो दुसऱ्या प्रमोटरकडे गेला. त्या प्रमोटरने पहिल्याच महिन्यात त्याची लढत पाच किलोने जड माणसाशी लावली. बेकरीवाल्याचा जबडा मोडला. नुकतंच त्याला मूल झालं होतं. आत्या त्याला बघून आली आणि जेवली नाही. मी म्हणाले, "एक सही केली असतीस तर?" बोलून गेले आणि जीभ चावली. ती म्हणाली, "तेच म्हणते आहे मी स्वतःला, सकाळपासून."

निकाल चार महिन्यांनी लागला. बाबांचा परवाना रद्द. आत्याला दोन वर्षं कुठल्याही कार्यक्रमात भाग घ्यायला बंदी. आदेश मी मोठ्याने वाचला. मधे एक वाक्य होतं: "सदर महिलेने सव्वीस वर्षांत एकशे चौदा कार्यक्रमांचे संपूर्ण आयोजन स्वतः केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे."

"परत वाच," आत्या म्हणाली. मी वाचलं.

"शिक्का आहे?"

"आहे. सचिवांची सहीपण आहे."

तिने पायात चपला सरकवल्या. मंडळाच्या खिडकीपाशी तिने त्या आदेशाची प्रमाणित प्रत मागितली. कारकून चक्रावला. "मॅडम, ही शिक्षा झालीये तुम्हाला. हिची प्रत कशाला?"

"दोन वर्षांनी अर्ज करायचाय. अनुभवाचा लेखी पुरावा लागतो ना तुम्हाला?"

त्याने प्रत काढली, शिक्का मारला आणि रजिस्टर पुढे केलं. "मिळाल्याची सही करा."

आत्याने पेन घेतलं आणि सवयीने लिहायला लागली. बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर, ऐटबाज, तिरकं, कागदावर उमटलंसुद्धा. तिचा हात थांबला. मी मान फिरवली, माझ्याच्याने बघवेना.

"रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही हं," कारकून म्हणाला.

"चालवून घ्या," आत्या म्हणाली. तिने त्या अक्षरावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं काढत, स्वतःचं नाव लिहिलं.