कुत्र्याचा वाटा

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बा कापसाच्या जिनात कामाला होता, आणि सभेहून आला की त्याच्या खिशात घडी घातलेलं एखादं पत्रक हमखास असे. मागून खाऊ नका! मेलेलं खाऊ नका! उष्टं घेऊ नका! मला बरीच वर्षं वाटत होतं की मराठीत वाक्य संपलं की उद्गारचिन्हच देतात. अजूनही माझा हात तिकडेच वळतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. हिवरखेडकडच्या आमच्या गावात बा लहानपणी बांबूची पाटी घेऊन दारोदार भाकर मागायला जायचा. गाव त्याला हक्क म्हणे. हक्काची भीक! ती पाटी त्यानं स्वतः मोडली आणि अमरावतीला आला. म्हणून आमच्या घरात फुकटाचा कढीपत्तासुद्धा येत नसे.

धम्मदीक्षेनंतरच्या हिवाळ्यात आत्या अकोल्याहून आमच्याकडे राहायला आली. ती बाची थोरली बहीण. नवरा नाही, मूल नाही. अकोल्यात रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर तिनं त्यांची मुलं वाढवली होती. साहेबाची बदली झाली, मुलं गेली, आणि त्यांचा लहानसा पांढरा झिपरा कुत्रा मागे राहिला. राजापेठेमागच्या आमच्या दोन खोल्यांपुढे आत्या टांग्यातून उतरली तेव्हा तो तिच्या काखेत होता.

वस्ती बघायला आली.

"कुत्रं हाय का ससा, व माय?"

"साहेबाचं हाय. पाय बी नाही लावत जमिनीले."

नखरे होतेच. ज्वारीची भाकर त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. वरणात कुस्करून दिली, तरी तेच. आत्या बोटावर घेऊन भरवायची तेव्हा कसेबसे दोन घास जायचे. हिवाळा सरता सरता त्या झिपऱ्या केसांखाली फासळ्या हाताला लागू लागल्या.

"साहेबाच्या घरी काय खात होता थो?" मायनं विचारलं.

"उकडेल मटण. रोज."

माय हसली. "आमच्याकडं माणसाले सणाले भेटते, बाई."

मी तेव्हा शाळेत प्रथिनांचा धडा शिकत होते. शरीर प्रथिनांनी बांधलं जातं, हे मी बाला वाचून दाखवलं. बाचा विज्ञानावर फार विश्वास. त्यानं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी जिनाशेजारच्या तेलाच्या कारखान्यातून सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, विकत आणली. सरकी काढणाऱ्या माणसाला ढेपेहून ताकदीची दुसरी चीज सुचणारच नाही. ती खाऊन म्हशी धष्टपुष्ट होतात, हे त्यानं रोज पाहिलेलं. ढेप भिजवून, गूळ घालून गोळे केले, आणि नवल म्हणजे गुळाच्या लोभानं कुत्र्यानं ते खाल्ले. बा खूश झाला. "पाह्य! खाऊन राहिला!"

थोड्याच दिवसांत तो उभा राहिला की थरथरू लागला. दारापर्यंत गेला तरी धाप लागे. एका सकाळी तो उठलाच नाही, नुसते डोळे उघडून आत्याकडे पाहत राहिला. आत्यानं त्याला पदरात गुंडाळलं. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, त्या दिवशीही नाही. "बाबू," ती बाला म्हणाली, "हे गेलं त मले कोन हाय?"

बानं जिनातली पाळी सोडली. आम्ही तिघं गुरांच्या दवाखान्यात गेलो. बैल आणि म्हशींच्या रांगेत काखेत कुत्रा घेऊन उभे राहिलो, आणि लोक हसत होते. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ढेपेचं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"ही म्हशीच्या पोटात पचते. कुत्र्याच्या पोटात विष होते. आजपासून बंद. मटण उकडून द्या, हाड काढून. शिजलेलं हाड टोचतं. मीठ, तिखट, कांदा, लसूण काही नाही. संगं थोडा भात. कधी उकडलेलं अंडं, कधी कलेजीचा तुकडा. आणि हळूहळू वाढवा, एकदम द्याल तर हगवण लागेल."

अंडी मायनं कबूल केली, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं आणि रोजचं मटण आम्हाला झेपणारं नव्हतं. तेव्हा बा मला घेऊन चौकातल्या मटणवाल्या चाचांकडे गेला. कुत्र्यासाठी छिछडे, म्हणजे कापताना निघालेले तुकडे, विकत मागितले. चाचांनी चांगले बघून पळसाच्या पानात बांधले.

"पैसे?" बा म्हणाला.

"कायचे पैसे? कुत्र्याचे हायेत. घेऊन जा, भाऊ."

"फुकट नाही पायजे मले."

"आन् मले इकाचे नाही!" चाचांनी सुरा खाली ठेवला. "माह्या बापानंही नाही इकले. हा मुक्या जनावराचा हिस्सा हाय. याचे पैसे घेऊ? अल्लाले काय तोंड दाखवू?"

बानं पुडकं ठोकळ्यावर परत ठेवलं. चाचांनी ते पुन्हा पुढं सारलं. गिऱ्हाइकं थांबून पाहू लागली. शेवटी बा रिकाम्या हातानं वळला. मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि चाचांचाही राग येत नव्हता. दोन माणसं आपापल्या जागी ताठ उभी होती आणि मध्ये एक कुत्रा मरत होता.

घरी आत्या ट्रंक भरू लागली. "मी अकोल्याले परत जाईन. बंगल्यामागच्या बाया देतील काई त्याले."

माय बावर उसळली. "दीक्षा तुमी घेतली, मी घेतली. त्यानं कधी घेतली?"

"पन आनाले हात कोनाचा पसरंल? आपलाच ना?"

बा चुकत नव्हता. मागणाऱ्याच्या हाताला पहिल्यांदा कारण असतं, दुसऱ्यांदा सवय लागते, तिसऱ्यांदा देणारा त्याला तुमची जात म्हणतो. हे मी आजही लिहीन.

आत्यानं ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मंग कोनाचाच हात नको."

सकाळी ती कुत्र्याला उचलून सरळ चाचांच्या दुकानात गेली. मी मागोमाग. तिनं त्याला ठोकळ्याशेजारच्या पोत्यावर ठेवलं आणि स्वतः चार पावलं मागे सरली.

"भाऊ, हिस्सा याचा हाय ना? मंग यालेच द्या, बिनमिठाचं उकडून. मले देऊ नका."

चाचा खो खो हसले आणि आत ओरडले, "अजी सुनती हो? मेहमान आया है! बिना नमक का पकाव!"

चाचींनी मागच्या चुलीवर तुकडे उकडले, निवू दिले, बोटांनी हाडं वेचून काढली आणि अॅल्युमिनियमच्या ताटलीत भातात कालवून पुढं ठेवलं. कुत्र्यानं हुंगलं. तोंड फिरवलं. आत्यानं पदर तोंडाशी धरला.

"क्यूं मियां, पसंद नही आया?" चाची म्हणाल्या.

त्यानं पुन्हा हुंगलं, एक तुकडा उचलला, चावला. मग मान वर केलीच नाही.

रोज सकाळी आत्या त्याला घेऊन जायची आणि आपण चाचींशी बोलत बसायची. उन्हाळ्यात तो स्वतःच्या पायांनी जाऊ लागला. बा या सगळ्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. एका संध्याकाळी जिनातून आल्यावर, अंगावरचा कापूस झटकता झटकता, त्यानं आत्याला विचारलं, "खाल्लं का त्यानं आज?"

"खाल्लं. आखीन मागत होता."

बाचा हात थांबला. त्यानं दाराशी आडव्या पडलेल्या कुत्र्याकडे पाहिलं.

"त्याले मागू दे," तो म्हणाला.