हात वर

ऑफिसात त्याला सगळे स्टेशनमास्तर म्हणत आणि त्याला तो मान वाटे. सगळ्या टीमनी मिळून एक मोठं काम ओढायचं, म्हणजे ती गाडी, आणि ती आपण सोडतो, असा त्याचा समज. गळ्यात शिट्टीसुद्धा होती. मुळात हा प्रोग्रामर. बेताचा म्हणणंही उदारपणाचं होईल. त्याने लिहिलेलं निस्तरायला वेगळी माणसं लागत. मग कुठल्याशा प्रशिक्षणात त्याला शोध लागला, की काम करणाऱ्यापेक्षा कामाच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवणाऱ्याला मोठी खुर्ची मिळते. त्यानंतर त्याने कीबोर्डला हात लावला तो धूळ झटकायला.

दर तीन महिन्यांनी तो सगळ्यांना हॉलमध्ये कोंडून पुढच्या तीन महिन्यांचं नियोजन करवून घेई. कुणाची कुठली चिठ्ठी कुठल्या पंधरवड्यात, ते भिंतीवर लागे. एका टीमचं काम दुसरीवर अडलेलं असेल, तर त्या दोन चिठ्ठ्यांमध्ये लाल दोरा बांधायचा. शेवटी शिट्टी वाजली की प्रत्येकाने हात वर करून बोटं दाखवायची. पाच म्हणजे होणार, एक म्हणजे जमणार नाही. एक बोट दिसलं तर थांबायचं, ऐकायचं, बेत बदलायचा. हा नियम तो अगदी गहिवरून सांगे. एक बोट दाखवणाऱ्याला मात्र केबिनमध्ये बोलावून असा काही समजावी, की पुढच्या खेपेला त्याला पाचही बोटं फुटत.

आणि गाडी घसरली की हा हात वर करी. मागच्या खेपेला ग्राहकांचे पत्ते तपासणाऱ्या टीमवर सगळं ढकलून मोकळा झाला; तिथल्या दोघांची नोकरी गेली. त्या टीमची प्रमुख होती त्याची धाकटी मेहुणी. ऑफिसात ती त्याला सर म्हणे, नातं कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोने घरी अबोला धरला, तर हा तिलाच म्हणाला, की तुझ्या बहिणीने वेळेवर दोरा बांधायला हवा होता.

या खेपेला मेहुणीने दोरा बांधला. तिचं काम दुसऱ्या पंधरवड्यात होतं आणि त्यासाठी लागणारी ग्राहकांची माहिती दुसरी टीम देणार होती शेवटच्या पंधरवड्यात. दोरा भिंतभर उलटा गेला. बेत फसलाय हे कुणालाही दिसलं असतं.

पण दुपारी मोठे साहेब यायचे होते. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि स्टेशनमास्तर मनाने तिथे कधीच जाऊन बसला होता. दोरा त्याच्या डोळ्यांत खुपत होता. सगळे जेवायला गेले तशी त्याने टाचण्या उपसल्या, दोरा ओढून काढला आणि खिशात कोंबला. नियोजनावर तासन्‌तास बोलणाऱ्या या विद्वानाने अडचण सोडवली ती अशी.

साहेबांनी स्वच्छ भिंत पाहून मान डोलावली. शिट्टी वाजली. हात वर झाले, जिकडे पाहावं तिकडे पाच बोटं. मागच्या खेपेला नोकरी गेलेल्या दोघांची गत सगळ्यांना आठवत होती. मेहुणी तेवढी हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

साहेब हसून स्टेशनमास्तरला म्हणाले, की तुमचाही हात दिसू दे. याने छाती पुढे काढून पाच बोटं दाखवली.

मेहुणी उठली.

"भावोजी," ती म्हणाली, "आमचा दोरा तुमच्या बाहीला लटकतोय."

बाहीच्या बटणाला वीतभर लाल तुकडा अडकला होता. साहेबांनी विचारलं, कसला दोरा. तिने आवाज न चढवता सांगितलं: कुठून कुठे बांधला होता, आता काय होईल, आणि मागच्या वेळी कुणाकुणाची नोकरी गेली. मग हात वर करून एक बोट दाखवलं. शेजारच्याने आपली चार बोटं मिटली. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता हॉलभर एकेकच बोट उरलं.

स्टेशनमास्तर मात्र पाच बोटं पसरून तसाच उभा होता. आयुष्यभर वेळ आली की हात वर करत आलेला माणूस. या वेळी हात खाली कसा घ्यावा हे त्याला कळेना.

शेवटी साहेबांनीच सांगितलं, "घ्या खाली आता."