विषय वाचल्याशिवाय

कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलं, म्हणून त्यांचं नाव पडलं आवकराव. आलेलं सगळं घ्यायचं आणि जाऊ काही द्यायचं नाही, हा मुळात स्वभावच. निवृत्तीनंतर तो घरच्या कॉम्प्युटरवर उतरला. एकदा उघडलेलं पान बंद करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. लागेल कधीतरी! अशी एकसष्ट पानं उघडी. त्यात 'ब्राउझर वेगवान करा' म्हणणारी चार फुकटची एक्स्टेन्शन, कुणाकुणाचं ऐकून बसवलेली. परिणाम असा की एक अक्षर टाइप करावं आणि ते दिसेपर्यंत चष्मा पुसून घ्यावा.

एरवी चाललंही असतं. पण बायकोची नजर अधू होत चालली होती. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजवा महिन्याभरात मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मोठे डॉक्टर एकच, आणि त्यांच्या वेळा दर सोमवारी सकाळी दहाला वेबसाइटवर खुल्या व्हायच्या, दोन मिनिटांत संपायच्या. तीन सोमवार आवकराव ताटकळले. पडद्यावर ते मेलं चक्र गरगरायचं, आणि थांबलं की यायचं, 'वेळा शिल्लक नाहीत'. तिसऱ्या सोमवारी त्यांनी माऊस असा आपटला की त्याचं चाक निघून आलं. दवाखान्यात जाऊन उभे राहिले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, वेबसाइटवरूनच घ्या. आयुष्यभर लोकांना 'अर्ज भरून आणा' सांगणारा माणूस निमूट परत आला.

चौथ्या सोमवारी सव्वानऊला त्यांनी लेकीला फोन लावला. ती दूरच्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करते आणि हा पसारा आवरा म्हणून वर्षभर त्यांच्या कानीकपाळी ओरडत होती. फोन स्पीकरवर, शेजारच्या खुर्चीत बायको. लेकीने आधी ती चारही एक्स्टेन्शन काढायला लावली. वेगाच्या नावाखाली तीच सगळी मेमरी खात बसली होती म्हणे. मग साठलेला जुना डेटा पुसायला लावला. आता उघडी पानं सगळी एकदम बंद करा, म्हणाली.

एकदम? आवकरावांचा पारा चढला. विषय वाचल्याशिवाय त्यांनी कधी कागद निकाली काढला नव्हता. लेकीने तिकडे कपाळावर हात मारला असणार, पण दहाला अवकाश होता. हे एकेक विषय मोठ्याने वाचत सुटले. कुकरची शिट्टी कुठे मिळेल. बंद. पेन्शनचा नवा नियम. बंद. टक्कल पडू नये म्हणून उपाय. बंद. यावर बायको खुदकन हसली आणि म्हणाली, ही फाइल फार उशिरा हातात घेतलीत. दहाला पाच कमी झाले तशी घाई वाढली. हात पुढे आणि तोंडही पुढे.

"अंधत्वानंतर पांढरी काठी कशी निवडावी. बंद."

बोलून गेले आणि जीभ चावली. रोज तिला सांगत होते, काही होत नाही गं, उगाच जीव खाली-वर करू नकोस. त्या पानामागे तसलीच आणखी अकरा होती. ती त्यांनी न वाचताच बंद केली.

दहा वाजले आणि दवाखान्याचं पान झटक्यात उघडलं. नाव, वय, नोंदणी क्रमांक, सगळं भरभर भरून झालं. मिळाली वेळ! आवकरावांनी टेबलावर थाप मारली आणि मग तारीख वाचली. अडीच महिन्यांनंतरची. त्याच्या अलीकडची एकही नाही. ते दवाखान्यावर चिडले, कॉम्प्युटरवर चिडले, आणि शेवटी स्वतःवर चिडले. वर्षभर लेक सांगत होती. ऐकायला काय झालं होतं?

बायकोने चाचपडत त्यांचं मनगट धरलं.

"ते काठीचं पान परत उघडा," ती म्हणाली. "आता लवकर उघडेल."