वावराला हिरवी जाळी लावली त्या दिवशी

“भाऊ, कुलूप काढा, वाघ आत हाय!” धुऱ्याच्या बांधापलीकडून शेजारचा बुढा बोंबलत होता. मला वाटलं, माझं कुंपण पाहून याच्या पोटात दुखून राह्यलं. पोंभुर्ण्याजवळच्या माझ्या वावराला त्या दुपारी हिरव्या प्लॅस्टिकची जाळी लागून पुरी झाली होती. फाटकाला आतून कुलूप घालून मी उन्हात तापलेल्या जाळीचा तो कोरा वास छातीभर घेत उभा होतो. “आता वाघाचा बाप बी आत येत नाई!” मी ओरडलो, आणि माझ्या पाठीमागची तूर हलली. तिच्यातून हंड्याएवढं पिवळं डोकं वर आलं. किल्ली हातातून गळाली. माणसापेक्षा उंच जाळी मी कशी ओलांडली, ते त्या जाळीलाही समजलं नसेल. बुढ्यानं जंगलाकडच्या कोपऱ्यात पक्कडीनं जाळी कापून वाट केली, तेव्हा कुठं वाघ मानपान घेतलेल्या जावयासारखा रमतगमत निघाला. आजही नव्या प्लॅस्टिकचा वास आला की माझे पाय आपोआप उडी घ्यायला बघतात. तेव्हा मात्र मी धुऱ्यावरच बसकण मारली. कसंबसं विचारलं, “काका, हा आत आला कुठून?” पक्कड खिशात घालत बुढा म्हणाला, “आला नाई भाऊ, तो इथीच राह्यते. कुंपण तुम्ही आज घातलं.”