डॉक्टरवहिनींचा राहून गेलेला प्रश्न

डॉक्टरवहिनींच्या घरी चहाला गेलेला माणूस निरोगी परत येत नसे. कप हातात पडायच्या आधीच त्या विचारत, "आज काय होतंय तुम्हाला?" प्रश्न जर्मनमध्ये, आणि उत्तरही जर्मनमध्येच द्यावं लागे. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मुक्कामात मला मुतखडा झाला, अर्धशिशी झाली, एकदा तर मी बाळंतही होणार होतो. वहिनी म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मंदारची बायको, आणि मी त्यांचा सरावाचा हक्काचा पेशंट.

सांगलीत त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा म्हणे. इथे त्या नुसत्या मंदारच्या बायको. एका हॉस्पिटलने नोकरी देऊ केली होती, पण डॉक्टरी जर्मनची परीक्षा पास झाल्यावर. त्या परीक्षेत कोणीतरी पेशंटचं सोंग घेऊन बसतं; त्याला सगळं खोदून विचारायचं आणि झालंय काय ते नीट समजावून सांगायचं. वहिनींचं जर्मन उत्तम होतं. पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या त्या सांगलीमुळे.

समोर सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. "दारू किती पिता, हे विचारायला जीभच रेटेना हो भाऊजी! आईच्या वयाची बाई! सांगलीत विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं." वर शेवटी बाईंचा हात थोपटून 'काही होत नाही, मी आहे ना' म्हणून त्या मोकळ्या झाल्या. बाईंना तर नक्की काय होतंय तेच ऐकायचं होतं. हॉस्पिटलने कळवलं, पुढच्या खेपेला पास झाला नाहीत तर जागा दुसऱ्याला. त्या दिवशी वहिनींनी मला चहा दिला आणि काहीच विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढे सांगलीहून त्यांचे सासू-सासरे आले. मंदारच्या डोक्यात किडा वळवळला. तो वहिनींना म्हणाला, "तर मग बाबांनाच पेशंट कर. त्यांना विचारलंस तर जगात कोणालाही विचारशील." बाबा निवृत्त हेडमास्तर. वहिनी त्यांच्यासमोर मोठ्याने हसतही नसत. बाबा सोफ्यावर ताठ बसले, मंदार भाषांतराला, आई शेजारी शेंगा सोलत. खोकला, झोप, पोट, सगळं सुरळीत पार पडलं. मग वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "ट्रिंकन झी आल्कोहोल?"

मंदार तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "शनिवारी. कुलकर्ण्यांच्या गच्चीवर. दोनच." त्या प्रश्नाला भाषांतर लागलंच नाही.

आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, तुम्ही भजनाला जाता ना?"

"भजन झाल्यावर," बाबा शांतपणे म्हणाले. "आणि आजवर विचारलं का कोणी?"

मंदार आणि मी जमिनीकडे बघत बसलो. वहिनींनी मात्र डोळे उघडून पुढचा प्रश्न टाकला, "किती वर्षांपासून?" त्या पास होणार हे मला तेव्हाच कळलं.

आणि झाल्याही. या खेपेला समोर एक आजोबा होते. वहिनींनी दारू विचारली, सिगारेट विचारली, आणि शेवटचा ठरलेला प्रश्नही, घरी कोण कोण असतं? बाबांनी पेढे वाटले. आईंनी त्यांना एकच दिला.

पुढच्या वर्षी मला झिंडेलफिंगेनला नोकरी लागली. स्टेशनवर वहिनी ड्यूटीवरून तशाच धावत आल्या. "भाऊजी, तिकडे घरी कोण कोण असणार?"

"कोणी नाही," मी म्हणालो, आणि उगाच हसलो.

आता त्या हात थोपटून 'काही होत नाही' म्हणतील असं मला वाटलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "रविवारी फोन करीन," एवढंच म्हणाल्या.

तो फोन अजून येतो. सुरुवात जर्मनमध्येच, "आज काय होतंय तुम्हाला?" मी सवयीने मुतखडा सांगायला घेतो. त्या ऐकून घेतात, आणि मग मराठीत म्हणतात, "हं. आता खरं सांगा."

मग मी सांगतो. दुसरं विचारतं कोण?